फऱ्यामागची चार बोटं

माळावर पुन्हा साड्या उभ्या राहिल्या आहेत.

पौष लागला की आमच्याकडं हरभऱ्याच्या कडेनं हे कुंपण उभं राहतं. बाभळीच्या मेखा, मेखांना सुतळी आणि सुतळीवर घरातल्या बायकांच्या विटलेल्या साड्या. लाल, पोपटी, एखादी जरीचा काठ उसवलेली लग्नातली. वाऱ्यानं त्या फडफडतात आणि हरणं बिचकतात. निदान सुरुवातीला. मग त्यांच्या लक्षात येतं की या साड्यांच्या आत बाई नाही. मग ती सावकाश येतात, कडेला उभी राहून कानोसा घेतात आणि एका उडीत हरभऱ्यात उतरतात. तेव्हा खरी बाई उठते. माझी आई.

"आली बघा सोयरी! या, बसा, पाट मांडू का? मुडद्यांनो, सगळा माळ मोकळा हाय आन माझ्याच घाट्यांवर डोळा?"

गेल्या आठवड्यात साड्या बांधताना तात्यांनी एक साडी बाजूला काढली. जांभळी, पिवळ्या काठाची. "ही नको," म्हणाले आणि घडी करून सायकलच्या कॅरिअरला लावली. तेवढ्या जागेत कुंपणाला खिंड राहिली. माझे वडील एरवी असली खिंड ठेवणारे नाहीत. ती साडी मागच्या हंगामाची आहे, आणि मागचा हंगाम आमच्या घरात अजून संपलेला नाही.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढं कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. मी पत्रकं वाटते. आम्ही चार-सहा पोरंपोरी आहोत कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूची. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही अजून नगरचेच. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहायचं आणि जो सापडेल त्याच्या हातात कागद द्यायचा. हरीण मारणं गुन्हा आहे. फास लावणं गुन्हा आहे. पिठाच्या गोळ्यात स्फोटाची दारू भरून रानात ठेवणं गुन्हा आहे. लोक पत्रक घेतात, पुढच्या टपरीवर त्यातच भजी बांधून घेतात. माझी त्याला हरकत नाही. भजी खाताना तरी दोन ओळी नजरेखालून जातात. गावात मला हरणाबाई म्हणतात. त्यालाही हरकत नाही. हरकत आहे ती एकाच गोष्टीला, आणि ती सांगायला हा लेख आहे.

मागच्या पौषातला हुरडा आठवतो. त्या दिवसांचा पहिला वास हरभऱ्याच्या आंबेचा. पहाटे पाल्यावर जे आंबट दव साचतं ते. शेतातून नुसतं चालत गेलं तरी पोटऱ्यांना चुरचुरतं, आणि ओठाला लावलं तर दिवसभर ओठ बोलत राहतात. दुसरा वास आगटीचा. जमिनीत उकरलेला खड्डा, त्यात गोवऱ्यांची धग आणि धगीत खुपसलेली ज्वारीची हिरवी कणसं. तात्या कणीस हातावर चोळायचे. फुंकर मारली की कोंडा उडायचा आणि तळहातावर हिरवे, वाफाळते दाणे उरायचे. पहिली ओंजळ पाहुण्याची. आमच्या आगटीवर ती कित्येक वर्षं बाळूकाकांची होती.

बाळूकाका तात्यांचे शाळेपासूनचे मित्र. पुढं नगरला जाऊन मोठे कॉन्ट्रॅक्टर झाले, पण हुरड्याला न चुकता यायचे. मी लहान असताना तात्यांना बैलानं मांडीत शिंग घातलं होतं. तेव्हा काकांनीच त्यांना जीपमध्ये घालून नगर गाठलं. गाडीची सीट रक्तानं भिजली होती म्हणतात. तात्यांच्या मांडीवर तो व्रण अजून आहे, आणि त्या व्रणाला आमच्या घरात बाळूकाकांचं नाव आहे. धोतर बदलताना नजर गेली की तात्या म्हणायचे, "बाळ्या नसता तर."

काकांना शिकारीचा नाद होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. बंदुकीचा परवाना पीक राखणीचा. पीक मात्र त्यांनी आयुष्यात फक्त सिमेंटचं काढलं.

त्या दुपारी आगटीभोवती बसल्यावर त्यांनी मला डिवचलंच. "काय हरणाबाई, औंदा काय छापलं?"

मी पत्रक दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि त्याच्यावर चटणी वाढून घेतली. सगळे हसले. मीसुद्धा हसले असेन. मग ते उठले आणि बाजूला बांधलेल्या आमच्या शेळीजवळ जाऊन उकिडवे बसले.

"हिकडं ये. तुझ्या पत्रकात हे छाप. हा फरा." त्यांनी शेळीच्या खांद्यावर तळवा ठेवला. "फऱ्यामागं चार बोटं. एक, दोन, तीन, चार. आन खालनं एवढं वर. हितं लागली की खलास. दिवा फुंकल्यासारखं. तिला कळतसुद्धा न्हाई."

"तुम्हाला तिनं सांगितलं का?" मी म्हणाले.

पुन्हा सगळे हसले, काका सगळ्यांत मोठ्यानं. "जीभ बघ रं तात्या पोरीची! अगं, लांडगं जित्तं फाडत्यात ते बरं? कुत्री आतडी वढत्यात ते बरं? मी म्हणतो, मारायचं तर इमानानं मारावं. जनावराचे हाल करनारा शिकारी न्हवं, खाटीक."

शेळी रवंथ करत होती. त्यांची चार बोटं तिच्या बरगड्यांवर टेकलेली होती, आणि त्या बोटांखाली तिचं काळीज चालू होतं. बोटं हलकेच वरखाली होत होती, मला दिसत होती. एका जिवंत जनावराच्या अंगावर कुणी असं ठिकाण दाखवत असताना ते जनावर कडबा चघळत राहतं, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काका क्रूर दिसत नव्हते. तेच तर. चाकात हवा भरायचा व्हॉल्व कुठं असतो ते दाखवावं, तसं ते दाखवत होते.

ऊन कलल्यावर जीप निघाली. आई भांडी गोळा करत होती. गाडीचा धुरळा ओढ्याच्या अंगाला गेला, खाली बसला, आणि मग एक आवाज झाला. एकच. मोरांनी ओरडून माळ डोक्यावर घेतला.

"फटाका असंल," आई म्हणाली.

"डुकराला उडवला असंल कुणी," तात्या म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ती तुरीत सापडली. आधी आईनं लांबूनच दगड भिरकावला, शिव्या घातल्या, पण हरणी हलेना. हरणी हलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तिच्याशी भांडून भांडून आईला कळत होतं. आम्ही गेलो तेव्हा ती पाय पोटाखाली घेऊन बसली होती. पाठ कमानीसारखी वर आलेली. तपकिरी अंग, पांढरं पोट, आणि त्या पांढऱ्यावर मागच्या मांडीच्या पुढं एक काळपट डाग. डाग ओला होता आणि त्यात हिरवं होतं. तिनं आदल्या दिवशी खाल्लेला आमचा हरभरा होता तो. श्वास घेतला की डाग फुगायचा. मान ताठ होती. कान आमच्याकडं वळत होते. डोळे एवढे उघडे, एवढे स्वच्छ, की त्यांच्यात तूर दिसत होती.

मी न ठरवता, नजरेनंच, फऱ्यामागं चार बोटं मोजली. तिथं काहीच नव्हतं. गुळगुळीत, कोरडी कातडी. तिथून भोकापर्यंत माझी एक वीत आणि वर थोडं.

घरात काही अडलं की तात्या बाळूकाकांना फोन लावतात. त्या सकाळीही लावला. तात्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"बाळ्या, आमच्या तुरीत हरणी पडलीय रं. गाडी घिऊन येतो का? दवाखान्यात न्यावं म्हनतो."

"कुठं लागलीय?" काका म्हणाले.

तात्यांनी फोन तोंडापुढून बाजूला घेतला आणि त्याच्याकडं बघितलं. मग परत जवळ धरला. "पडलीय म्हनलो मी. लागलीय कुठं म्हनलो?"

मग काकांचा आवाज बारीक झाला. एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चालली रं ती ऐन वक्ताला. एक पाऊल टाकलं तिनं, तात्या. मी काय करू? उजेडबी कमी झाल्ता. मला वाटलं चुकली. शेजारच्या किसनला सांग, मोकळं करून पुरून टाक. कशाला वाढीवतो?"

तात्यांनी फोन बंद केला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. मग पुन्हा काढून धोतराला पुसला. ओला नव्हता तो.

आता माझी हरकत ऐका.

एक पाऊल. 'नेमकी जागा' सांगणारा प्रत्येक जण एक गोष्ट गृहीत धरतो, की जनावर तिथं चित्रासारखं उभं राहणार आहे. पण ते चरतंय. त्याला पुढच्या घाट्याकडं जायचंय. माशी बसली म्हणून कातडी थरथरवायचीय, पिलाकडं मान वळवायचीय. चाप ओढायला लागतो तेवढ्यात ते एक पाऊल टाकतं, आणि काळजाच्या जागी पोट येतं. चार बोटांच्या त्या हिशेबात जनावराचं पाऊल धरलेलंच नसतं. ते धरायचं तर आधी कबूल करावं लागेल की ते पाऊल त्याचं आहे, आपलं नाही.

कुणी म्हणेल, दुसऱ्या देशांत परवान्यानं शिकार होते, तिथं लोक शिकतात, सराव करतात, जखमी जनावराच्या मागं तास न् तास जातात, ते संपवल्याशिवाय घरी येत नाहीत. जात असतील. मी त्यांच्या रानात राहत नाही. मला आमच्या ओढ्याचं माहीत आहे. इथं बंदूक जीपच्या खिडकीतून निघते, गाडी चालू ठेवून. गोळी सुटली की गाडीही सुटते. जनावर पडलं तर उचलायचं, पडलं नाही तर 'चुकली' म्हणायचं. इथला शिकारी चोर असतो, आणि चोराला मागं वळून बघता येत नाही. मग इमानानं मारणं कसलं? इमान गोळी लागण्याच्या जागेत नसतं, काका. गोळीनंतर कोण थांबलं त्यात असतं. तुमचं जेवण पचत होतं तेव्हा ती रात्रभर तुरीत बसली होती. तिला कळत होतं. सगळं कळत होतं.

किसनभाऊ शेजारच्या वस्तीवरून आले तेव्हा त्यांच्या हातात कोयता होता. ऊसतोडीला जाणारा माणूस, कोयता हातातच असायचा. त्यांनी हरणीकडं बघितलं आणि टोपी मागं सारली.

"आश्वे, बाजूला हो. बघवंना. म्या मोकळं करतो तिला."

"नाही," मी म्हणाले.

"अगं हाल व्हत्यात."

"डॉक्टर येतायत. फॉरेस्टवाल्यांना फोन केलाय."

"तुझं फॉरेस्ट कवा यायचं? तवर तिनं काय करायचं? तुझं पत्रक वाचायचं?"

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. किसनभाऊंच्या कोयत्यात लोभ नव्हता. पण कोयता चालला असता तर दुपारपर्यंत तिथं खड्डा असता, संध्याकाळी खड्ड्यावर पाला, आणि पुढच्या पौषात आगटीवर पुन्हा शेळी, पुन्हा चार बोटं, पुन्हा दिवा फुंकल्यासारखं. गोळी कुठं लागली होती हे कुणाला कधीच कळलं नसतं. हाल न होणारी शिकार अशीच तयार होते. हाल झालेली जनावरं पुरून. म्हणून मी आडवी उभी राहिले. डॉक्टर येईपर्यंत तिनं जे सोसलं ते माझ्या 'नाही'मुळंही सोसलं. ते मी कुठल्या पत्रकाखाली झाकणार नाही. पण तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन, आणि किसनभाऊंनी पुन्हा मला तेच ऐकवावं.

त्या वेळात आई तिच्याजवळ बसली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कुंपणाची जांभळी साडी ओढून काढली आणि लांबूनच हरणीच्या तोंडावर हळू टाकली. डोळे झाकले तशी तिची मान थोडी खाली आली. साडीला रात्रीची आंब होती. हरभऱ्याच्याच वासात तिचा श्वास चालला होता. आणि आई तिला बोलत होती, नेहमीच्याच आवाजात, फक्त हळू.

"खाल्लास न्हवं माझा हरभरा? गोड लागला? समदा बांध निम्मा केलास तू आन तुझ्या त्या काळ्या नवऱ्यानं. म्या काय वाकडं केलं हुतं तुझं? धोंडं मारलं, व्हय, मारलं. पर लागू दिला का येक तरी? सांग की."

किसनभाऊ कोयता मातीत रोवून बांधावर बसले. तात्या उभेच होते, उन्हात, टोपी न घालता.

डॉक्टर बाई मोटरसायकलवर मागं बसून आल्या, पुढं वनरक्षक. त्यांनी साडी न हलवता जखम बघितली, वास घेतला, आणि मान हलवली. वाचण्यासारखं नव्हतं. पण संपवायला वरून परवानगी लागते, आणि वनरक्षक फोन कानाला लावून रेंज शोधत तुरीतून फिरायला लागला. मी तावातावानं बोलायला लागले तशी डॉक्टर म्हणाल्या, "ओरडू नका. तिला ऐकू येतंय. आधी दुखणं थांबवू. दुखणं थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही."

पहिल्या सुईनंतर पाठीची कमान हळूहळू उतरली. इतक्या वेळानं ती हरणासारखी बसली. परवानगी आली तेव्हा दुसरी सुई. डॉक्टरांनी तिच्या फऱ्यामागं हात ठेवला. बरोबर तिथंच, ज्या जागेवर काकांची बोटं शेळीला टेकली होती. काळीज थांबेपर्यंत हात तिथून काढला नाही. त्या जागेचा मला माहीत असलेला एवढा एकच चांगला उपयोग.

मग वनरक्षकानं विचारलं, "काल कुणाला बघितलं का इकडं?"

मी तोंड उघडलं. माझी तयारी होती. पण तात्या माझ्या आधी बोलले. टोपी नसलेल्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

"आमच्या आगटीवर पाहुना हुता," ते म्हणाले. "माझाच. नाव सांगतो. लिवून घ्या."

त्यांनी नाव सांगितलं. बाळ्या नाही, बाळू नाही. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या हजेरीत पुकारायचे तसं. फोनवर झालेलं बोलणंही शब्दाला शब्द सांगितलं. मग तुरीतून घराकडं चालत गेले. मांडीतलं जुनं दुखणं थंडीत उचल खातं, त्यामुळं थोडे लंगडत.

केस चालू आहे. तारखा पडतात. गाव मात्र तारखा पडू देत नाही, गावाचा निकाल तेव्हाच लागला. एका हरणापायी जिवाचा मित्र घालवला. पोरीनं बापाला नादी लावलं. ज्यानं जीव वाचवला त्याच्यावर उलटला. ही वाक्यं गिरणीत ऐकू येतात, दूध डेअरीवर ऐकू येतात. तात्या ऐकतात आणि किटली घेऊन घरी येतात. व्रणाकडं नजर गेली की ते अजूनही म्हणतात, "बाळ्या नसता तर." ते वाक्य त्यांनी टाकून दिलं नाही. मला आधी त्याचा राग यायचा. आता वाटतं, तात्यांनी दोन्ही खरं ठेवलं, आणि दोन्ही उचलून चालणं हे माझ्या कुठल्याही घोषणेपेक्षा जड आहे. माझ्या घोषणा मी तरीही देणारच.

परवा किसनभाऊ निरोप घेऊन आले. बांधावरूनच बोलले, आत आले नाहीत.

"तात्या, बाळूशेठ म्हनत्यात झालं गेलं मिटवू. तुमी फकस्त साहेबाफुडं म्हना, फोनवर नीट ऐकू आलं न्हवतं. कान जडच हायेत तुमचं, कोन न्हाई म्हनतंय? त्ये औंदा हुरड्याला यायला तयार हायेत. तुमची लई सय काढत्यात."

तात्या आगटी उकरत होते. खोऱ्याचे दोन घाव मारले, माती बाजूला ओढली. "मलाबी येती," म्हणाले. "त्याला म्हनावं, हुरडा खायाला कवाबी ये. तुझी वंजळ हाय. पर मला ऐकू आलं हुतं."

किसनभाऊ जायला वळले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हरणाबाई, तुझी सोयरी आली बघ."

कुंपणाच्या खिंडीत, जिथं जांभळी साडी नव्हती, तिथं एक हरणी उभी होती. आडवी. मागं कललेलं ऊन. खांद्याची रेघ स्पष्ट, तिच्यामागं बरगड्यांची हलकी वरखाली. चार बोटांची ती जागा मला दिसली. मला आता कुठलंही जनावर बघितलं की ती आधी दिसते, ही काकांनी मला दिलेली भेट आहे. त्या जागेवर माशी बसली आणि कातडी थरथरली.

आई शिव्या द्यायला उठतच होती. मी तिच्या आधी पुढं झाले आणि जोरात टाळी वाजवली.

एक पाऊल नाही. ती अशी उडाली की मधला अख्खा बांध तिला लागलाच नाही.